काकडांशिवाय शेवळं

१ जून, रविवार. सकाळ.
जप झाला. आजपासून कोणाचाही मत्सर करायचा नाही. तसा मी करत नाहीच, पण नियम असलेला बरा.
वृंदा बदलापूरच्या शेतकरी बाजारात गेली आहे. अंबरनाथला आमच्या दारात भाजी येते, तरी हिला तिथेच जायचं असतं. कारण शंकर.

दुपार.
शंकर बारवी धरणाकडच्या आमच्या गावचा. शाळेत माझ्याच बाकावर होता. मी शिकून फॅक्टरीत स्टोअरला लागलो, तो गावात राहिला. आता त्याच्या टेबलापुढे लाइन असते. वृंदा साताऱ्याकडची, तिला आमच्या रानभाज्या नवीन. शंकरभाऊ सांगतील ते खरं.
आज शेवळं आणली. रानातले जांभळट कोंब, जुडी बांधून. प्रत्येक जुडीबरोबर शंकर मूठभर काकडं देतो. हिरवी, आंबट, छोटी फळं. मी म्हटलं, वजन फुगवायची युक्ती. वृंदा म्हणाली, "अहो, भाजी जुडीवर मिळते, वजनावर नाही." 
भाजी थेट आईच्या हातची लागली. तसं बोललो नाही.

३ जून.
आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाचे प्रमुख चिंतामणीकाका. त्यांनी शंकरला बाजारात गुणगुणताना ऐकलं आणि रविवारच्या भजनाला बोलावलं. मला म्हणाले, "पहिला अभंग नेहमी तुम्हीच धरता. या वेळी त्यांना देऊ. हरकत नाही ना?" मी म्हटलं, छे छे, विठ्ठलापुढे कसला मानपान.
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

४ जून.
ठरलं. रविवारी मीही टेबल लावणार. गावच्या सातबाऱ्यावर भावाच्या खाली माझं नाव आहे, म्हणजे मी शेतकरी. बाजारवाल्यांनी मान्य केलं. माझी भाजी एकदा खाल्ली की पहिला अभंग कोणाचा, हे मंडळाला आपोआप कळेल.
सई म्हणाली, "बाबा, तुम्हाला मेथी आणि शेपूतला फरक कळतो का?" कॉलेजात हल्ली नको ते शिकवतात.

७ जून.
गावी जाऊन आलो. भावाने शेवळं काढून ठेवली होती. वहिनीने काकडांची पिशवी दिली, ती मी मुद्दाम ओट्यावर ठेवली. रस्त्यापर्यंत तिची हाक येत होती, "भावजी, काकडां ऱ्हायली! खानार कशी?" मी हात हलवला. शेवळाची भाजी मुळातच आंबट असते. लहानपणापासून खातोय.

८ जून, रविवार. सकाळ.
पाटी लावली: 'शुद्ध शेवळं. काकडांची भेसळ नाही.'
आपला माणूस म्हणून सगळं भजनी मंडळ माझ्याकडे आलं. चिंतामणीकाकांनी दोन जुड्या नेल्या. शंकर पोचेपर्यंत अर्धा माल गेलेला. त्याने पाटी वाचली. "येडा झालास का रे? लोकांचे गळे धरतील. ही घे माझी काकडं." स्वतःचा माल माझ्या टेबलावर खपवायला बघत होता. मी नम्रपणे नको म्हटलं. तर ओरडायला लागला, "ओ ताई, ती शेवळं नुसती शिजवू नका!"
मत्सर माणसाला किती खाली आणतो. माउली त्याला सद्बुद्धी देवो.
वृंदाही तेच म्हणत होती. मी विचारलं, गाव माझं की तुझं?

दुपार, जेवणानंतर.
घरीही काकडं घालू दिली नव्हती. भाजी आंबट झाली नाही. वृंदाचा हात घाईचा. घशात कुसळं टोचल्यासारखं होतंय. संध्याकाळच्या भजनाची ओढ, दुसरं काय.

चहाच्या वेळी.
वृंदाचाही घसा धरलाय. सईचाही. व्हायरल.

संध्याकाळ.
चिंतामणीकाकांनी तोंड उघडलं आणि खोकले. मागून सगळं मंडळ. कोणी चिंच चोखतंय, कोणी गुळण्या करून येतंय. माझा तर आवाजच फुटेना. गळा शाबूत होता तो एकट्या शंकरचा. पहिल्या अभंगापासून आरतीपर्यंत सगळं त्याने म्हटलं. मी टाळ धरले.
वृंदा खोकला दाबून, डोळे मिटून ऐकत होती. शंकरचा सूर लागला होता. देवासमोर बसून ते नाकारता येत नाही. इथेही लिहिलं नसतं तर चाललं असतं.

१५ जून, रविवार.
आजपासून पहिला अभंग शंकरच धरणार. चिंतामणीकाकांनी या वेळी माझी हरकत विचारली नाही.
वृंदाने बाजारात पाठवलं. शंकरच्या लाइनीत उभा राहिलो. त्याने जुडी दिली आणि काकडं ओंजळभर. मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या दोस्ताला जास्त लागतात." सगळे हसले. माझा घसा अजून पुरता सुटलेला नाही, म्हणून काही बोललो नाही.
रिक्षात पिशवी उघडली आणि घर येईपर्यंत शोधत राहिलो. एकही काकड किडकं निघालं नाही.