आत्याचा पिवळा ओठ

रविवार, संध्याकाळ

दादाच्या धाकटीचं बारसं झालं. आत्या म्हणून कानात नाव मीच सांगायचं, आणि नेमके बुधवारी माझ्या ओठावर तापाचे फोड उठले. ऊन लागलं की उठतातच. आईचे सगळे उपाय केले: तूप-हळद, कोरफडीचा गर, उगाळलेलं ज्येष्ठमध. आग थांबली, खपली धरली, ओठ मात्र हळदीने पिवळाच.

आई म्हणाली, "सुकलंय की गं आता." डॉक्टर म्हणाल्या होत्या, लेपाने बरं वाटेल, पण हे फोड दुसऱ्याला लागतात आणि एकदा लागले की जन्मभर उठत राहतात; खपली पडेपर्यंत तान्ह्या बाळाजवळ तोंड न्यायचं नाही.

पाळण्यापाशी गेले आणि थांबले. नाव वहिनीच्या कानात सांगितलं, तिने बाळाच्या. मग कुर्रर्र. ओझरच्या मावशींनी विचारलंच, "रुसलीस का काय?" मी नुसता पिवळा ओठ दाखवला.

वाईट वाटलं का? फारसं नाही. थोरलीच्या बारशाला असाच ओठ घेऊन वाकले होते, अगदी गालाला गाल लावून. तेव्हा कुठे काय माहीत होतं!

थोरली आता सात वर्षांची आहे. उन्हाळ्यात तिच्याही ओठावर फोड येतात. घरात सगळे कौतुकाने म्हणतात, आत्यावर गेलीय.