मुलीच्या मामाने मुलीला आणावे

।। श्री ।।

भिसेगाव, कर्जत
ता. २ एप्रिल १९७९

चि. जैतू यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सारे खुशाल. तुझं पोट बरं असेल अशी आशा. सदूच्या हातची मिरची तुला सोसत नाही हे मी त्याला बजावलं होतं, पण तो कुणाचं ऐकेल तर शपथ. आंबे उतरले की पेटी पाठवते.

आनंदाची बातमी अशी की आपल्या सुंदराचं जमलं. खालापूरची मंडळी, घरची भाताची गिरण, मुलगा शाळेत मास्तर. लग्न चौदा मेला, आपल्याच दारात. व्याही तर तुझे भक्तच निघाले. आंधळ्या आईचा हात धरून चालणारा तो सिनेमातला पोरगा म्हणजे आमच्या सुनेचा मामा, असं गावभर सांगत सुटलेत. पत्रिकेवर तुझं सिनेमातलं नाव, मास्टर जयंत, ठळक छापायचं म्हणतात.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? पत्रिकेत तुझं नाव हवंय, पण मांडवात तू नको आहेस. परवा व्याही ह्यांना बाजूला घेऊन बोलले. तू लग्न केलं नाहीस, तू आणि सदू बारा वर्षं एका खोलीत राहता, त्यावरून मुंबईत लोक काय बोलतात ते कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय. चारचौघांत शोभा नको, म्हणाले. भटजींनी मुलीच्या मामाला हाक दिली की हात धरून गोमाने आणावं, चुलत असला तरी तोही मामाच की, हा तोडगाही त्यांनीच काढला. हे गप्प राहिले. मीही तोंड उघडलं नाही. इकडे आड नि तिकडे विहीर झालीय रे. हे मोडलं तर पोरीला बोल लागेल. ती मात्र ऐकल्यापासून धड जेवत नाही.

तू रागाव, पण पत्र पाठव. ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई
जिजा


परळ, मुंबई
ता. ९ एप्रिल १९७९

ती. सौ. जिजाताईस, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण सदू म्हणाला, बहिणीला खोटं लिहू नये. तर रागावलो. सुंदरा मांडवात येताना तिचा हात माझ्या हातात असणार, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून मी धरून चाललो होतो. मला स्वतःचं मूल असायचं नव्हतं, तेवढा एक मान होता.

व्याही ज्याच्यावर भाळलेत तो मीच, ताई. नदीवर म्हशी धुताना सिनेमावाल्यांनी मला उचललं, जैतूचा जयंत केला. मी मान कलती करून हसलो की बायका पदराने डोळे पुसायच्या. सतराव्या वर्षी मान तीच होती, हसूही तेच होतं, पण आता सेटवर शिट्ट्या पडायला लागल्या. एका दिग्दर्शकाने तर सगळ्यांसमोर मला पुरुषासारखं चालून दाखवायला लावलं. चाललो बरोबर, पण त्या नादात बोलायचं वाक्य विसरलो. ते शेवटचं मोठं काम. आता नव्या पोरांकडून संवाद पाठ करून घेतो. त्यांचं लाडिक हसू बघतो आणि काळजी वाटते.

साऱ्या जगाला तो नऊ वर्षांचा पोरगा हवा असतो. एकट्या सदूला मी हवा होतो. त्याने तो सिनेमा बघितलेलासुद्धा नाही. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही, आज सांगतो. लोक बोलतात ते खरं आहे. माझा संसार हाच.

लग्न मोडू नकोस. मी येणार नाही. नाव खुशाल छापा. मामाची पिवळी साडी गोमाबरोबर पाठवतो. सदू सिनेमाच्या कपडेपटात उगाच नाही, दादरभर पायपीट करून त्याने निवडली आहे. कुणाला सांगू नकोस. पोरीला जेवायला घाल. भावजींना नमस्कार.

लोभ कर, दुसरं काय मागू?

तुझा
जैतू


परळ
ता. १६ मे १९७९

ती. ताईस, सा. न. वि. वि.

शब्द दिल्याप्रमाणे मांडवात आलो नाही. पण कर्जत स्टेशनपर्यंत आलो होतो. एकटा जाऊ नकोस म्हणून सदूही आला. भिसेगावची वाजंत्री फलाटावर ऐकू येते हे मला लहानपणापासून ठाऊक. खिशात अक्षता होत्या. वाजंत्रीचा एकदम कल्लोळ झाला, तशा आम्ही दोघांनी उभं राहून तुमच्या दिशेने टाकल्या. हमाल हसले. हसू देत.

बाकावर करवंदांची टोपली घेऊन एक म्हातारी होती. तिने मला ओळखलं. जत्रंच्या तंबूत बघितलेला आंधळीचा पोर तूच ना रं, म्हणाली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मग लगीन झालं का नाय रं, असं विचारलं. हा प्रश्न जन्मभर हसून टाळत आलो. त्या दिवशी जीव इतका भरून आला होता की खरं तेच निघालं. म्हटलं, झालं, बारा वर्षं झाली, हा काय शेजारी बसलाय. आधी तिला थट्टा वाटली. मग तिने सदूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हात काढून घेतला आणि टोपली उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

ताई, आई गेली तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो. सिनेमात रडायला मला डोळ्यांत औषध घालावं लागायचं. गाडी येईपर्यंत सदू माझ्या पाठीवर हात ठेवून बसून होता, सगळ्यांदेखत.

पोरगी सुखात राहो. माझ्या वाटचे आशीर्वाद तूच दे.

तुझा
जैतू


खालापूर
ता. २८ मे १९७९

ती. मामा आणि ती. सदूमामा यांस, सुंदराचा सा. न. वि. वि.

मांडवपरतणीला माहेरी गेले तेव्हा आईने तुमचं स्टेशनवरचं पत्र माझ्या हातात ठेवलं. तिला ते पुरतं वाचवत नव्हतं.

इथे सगळी बरी आहेत. सासूबाई मायाळू आहेत. माझा भात रोज जास्त होतो, त्यावरून घरभर थट्टा चालते.

पूजेच्या संध्याकाळी सासऱ्यांनी अंगणात पडदा लावून तुमचा सिनेमा दाखवला. सगळं अंगण रडलं, सासरे सर्वांत जास्त. मला एकटीला रडू येईना. तो मुलगा माझ्या जन्माआधीचा, माझी त्याची ओळखच नाही. मला सायकल शिकवताना माझ्यासकट नदीत पडलात ते तुम्ही. माझा फाटलेला फ्रॉक आईला कळू न देता शिवून दिला तो सदूमामांनी. पडद्यावर तुम्ही दोघंही कुठे नव्हतात.

सिनेमा संपल्यावर सासरे पाहुण्यांना म्हणाले की हा आमच्या सुनेचा मामा. माझ्या तोंडून गेलं, मामा आता पस्तीस वर्षांचे आहेत, परळला असतात, त्यांना बोलवा की. सासरे उठून आत गेले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. हे बोलतात, पण आधी दाराकडे बघून.

लग्नात भटजींनी हाक दिली तेव्हा मी उठलेच नाही. आईने चिमटा काढला. गोमामामांनी हात पुढे केला, त्यांचा काही दोष नाही. पण पाऊल टाकताना मी रस्त्याकडे बघत होते. तुम्ही स्टेशनवर आहात हे ठाऊक असतं तर तशीच धावत आले असते, असं आज वाटतं. खरं सांगायचं तर कदाचित गप्पच बसले असते, आईसारखी.

तुम्हाला इथे बोलवण्याइतकी माझी सत्ता नाही, आणि मला तिकडे कुणी पाठवायचं नाही. पत्रं मात्र पाठवा. दोघांनीही लिहा.

तुमच्या हाताला धरून मांडवात यायचं राहून गेलेली,
तुमची भाची
सुंदरा