हात तं होते ना, बा

बा, तुले मरून इतकी वर्षं झाली, पण आज तालुक्याच्या कोर्टात तुझंच बोलणं ऐकलं मी. बोलत होता माझा जावई. माझ्या पोरीले अन् तिच्या लहान लेकीले टाकून तो दुसरीकडे राहते. पोटगीचं विचारलं तं हात जोडून म्हणते, "साहेब, कामावर होतो ती राइस मिल बंद पडली. माझ्याजवळच काही नाई, देऊ कुठून?" तारीख पुढे गेली. मले राहवलं नाई. उभी होऊन म्हटलं, "मिल बंद पडली, पोरीचं पोट बंद पडलं काय?" आमचा वकील म्हणे, "बाई, बसा ना!" बसली. पण जीव जळून राह्यला.

तू दुसरं घर केलं, तवा मायने पंच बसवले होते. मी तिच्या मागे, लुगडं धरून. तू खाली पाहत म्हणाला, "मीच उपाशी आहो." पंच म्हणाले, "जाऊ दे बाई, ज्याच्याजवळ नाईच त्याच्याकडून काय घेशील?" नव्हतं तुझ्याजवळ, कबूल. पण मायजवळ कोणतं होतं? तिले कोणी विचारलं काय? नाई म्हणायची सोय एकट्या बापालेच काऊन? ती दुसऱ्याच्या बांधीत धान रोवाले जाये, मोहफुलं वेचे, पेज आम्हाले पाजून आपण पाणी पिऊन निजे.

तुझी गरिबी मी मानलीही असती. पण बिडीच्या तेंदूपानाच्या दिवसात एकदा तू आला. माय जंगलातून पानांचं गाठोडं आणून अंगणात टाकून राह्यली होती. तू मांडवाखाली बसला अन् पानांचे पुडे बांधाले लागला.

माय म्हणे, "आज कसा रस्ता चुकला?"

"पैसे नाई माझ्याजवळ."

"मागितले कोणी? बांध."

दिवस बुडेपर्यंत बांधले तू. पानं विकत घेतात त्या फळीवर मायने कधी नाई इतके पुडे नेले त्या दिवशी. म्हणजे हात तं होते ना, बा? मग दुसऱ्या दिवशी काऊन नाई आला? रिकाम्या हातानं यायची लाज वाटते, असं सांगत फिरला म्हणे गावभर. तुझी लाज आम्ही शिजवून खाणार होतो काय?

कोर्टाबाहेर मी जावयाले धरलं. "पैसे नाई ना? ठीक. तेंदू सुरू झाला. पहाटे ये, पानं तोड, पुडे फळीवर माझ्या पोरीच्या नावच्या कार्डावर लिहून टाक."

तो म्हणे, "लोक हासतील, मामी."

"हासू दे. तुझी पोर जेवन ना."

उद्या येतो म्हणाला. येते का नाई, पाहू. मले भरोसा नाई.

हे तुले लिहिलेले कागद कुठी टाकू? सकाळी चूल पेटवाले होतील. फक्त एक राहिलं. त्या दिवशी तू माझ्यावर ओरडला होता, "सैल बांधते पोरगी! फळीवरचा मुन्शी फेकून देईल." अन् माझा एकेक पुडा सोडून परत बांधत बसला, तेवढाच उशिरापर्यंत आमच्याजवळ राह्यला. बा, मले पुडे घट्ट बांधता येत होते.