नऊ बुधवारांचा विशेष हेतू

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने.

मी, रोहिदास शांतवन उजागरे, वय एकाहत्तर, धर्माने कॅथलिक, पूर्वी चाकणच्या एका कंपनीत टूलरूम फिटर, आता घरीच, राहणार चिखली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी साखर वाढलेली आहे आणि डाव्या डोळ्याने धूसर दिसते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. गोड बोलणारे एकच माणूस या घरात होते, माझी पत्नी कस्तुरा. ती चार वर्षांपूर्वी गेली.

१. चिखलीचा राहता फ्लॅट माझ्या स्वकमाईचा आहे. तो माझी एकुलती एक मुलगी मिनल हिला द्यावा. बँकेत जे असेल तेही तिचेच. तिने ते घ्यावे, रागाने परत करू नये. राग कशाचा, ते कलम ४ मध्ये येईल.

२. माझी हत्यारे, म्हणजे व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि कानशींचा पूर्ण संच, जावई झिशान याला. तळेगाव दाभाड्याला त्याचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. २०१४ साली मिनलने त्याच्याशी रजिस्टर लग्न केले. तो मुसलमान, ती आमची. दोघांनीही धर्म बदलला नाही. सात वर्षे मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. कस्तुरा गेली तेव्हा खांदा द्यायला तोच पहिला पुढे आला. मायक्रोमीटर डबीतच ठेवावा, तेलकट हाताने धरू नये. हे त्याला सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

३. चुलतभाऊ चिमाजी याला काही नाही. मिनलच्या लग्नानंतर माझ्या दारात उभा राहून तो म्हणाला होता, 'मुलगी मेली असं समज.' मी त्याला हाकलायला हवे होते, उलट चहा पाजला. त्याने माझ्या दफनाला यावे, जेवून जावे, एवढेच.

४. यापुढचे मृत्युपत्रात बसत नाही असे वकील म्हणतात. बसवावे.

२०१६ साली मिनलला दिवस गेले. बाळ झाले की ती कायमची तिकडची होणार, हे माझ्या डोक्यात घट्ट बसले. आमच्या चर्चमध्ये दर बुधवारी मरियेचा नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ वेळा करायची प्रार्थना, असतो. ऑफिसात चिठ्ठी द्यायची, तिच्यावर आपला हेतू लिहायचा. फादर तो वेदीवरून वाचतात आणि सगळी मंडळी म्हणतात, 'हे प्रभो, आमची विनंती ऐक.' हेतू उघड करायचा नसेल तर 'विशेष हेतू' एवढेच लिहितात. मुलांची परीक्षा, कोर्टकचेरी, नवऱ्याची दारू, सगळे त्यात येते. कोणी खोदून विचारत नाही. मी ओळीने नऊ बुधवार चिठ्ठी दिली, 'रोहिदास उजागरे यांचा विशेष हेतू'. हेतू हा होता की बाळ होण्याआधी मिनलने त्याला सोडून घरी यावे, काहीही करून. 'काहीही करून' हे शब्द माझेच आहेत.

चर्चभर लोकांनी त्या हेतूला नऊ वेळा होकार दिला. कस्तुराचे गुडघे सुजलेले असायचे, तरी ती फरशीवर टेकून म्हणायची. तिला वाटले, मी बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून चिठ्ठी देतोय. मला म्हणाली, 'अहो, उशिरा का होईना, तुम्हांला पोरीची माया आली.' मी पुढच्या बुधवारीही चिठ्ठी दिली. पाचव्या बुधवारी मिनल स्वतः आईशेजारी येऊन बसली. माझ्या नावाची चिठ्ठी वाचली गेली आणि पोटावर हात ठेवून तीही सगळ्यांबरोबर म्हणाली. मी पुढच्या बाकावर होतो, तिचा आवाज मला ओळखू आला. तिथेच थांबता आले असते. मी आणखी चार चिठ्ठ्या दिल्या.

नवव्या बुधवारानंतर अकराव्या दिवशी, सातव्या महिन्यात, बाळ पोटातच गेले. मुलगी होती.

मी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायला, गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, 'रोहिदास, देव सुपारी घेत नाही. बाळ तुझ्या चिठ्ठीनं गेलेलं नाही. पण बायकोला तू फसवून सोबत घेतलंस. जा, तिला सांग.' प्रायश्चित्ताच्या प्रार्थना मी त्याच दिवशी म्हणून टाकल्या. तिला सांगितले मात्र नाही.

कस्तुराने धरून ठेवले की तिचीच प्रार्थना कमी पडली. दुपारी माळ घेऊन बसायची आणि मधेच थांबून म्हणायची, 'माझंच मन कुठंतरी भरकटलं असणार.' पाच वर्षे हेच. त्यातच गेली. एका वाक्यात तिचा जीव हलका करता आला असता आणि ते वाक्य माझ्याजवळ होते. मला तिची फार आठवण येते, पण तिच्या फोटोसमोर मी उभा राहू शकत नाही.

५. प्रार्थना कशी करावी हे सांगायचा मला अधिकार नाही. कशी करू नये, तेवढे ठाऊक आहे. मी आयुष्यभर देवाच्या हातात ड्रॉइंग दिले. माप माझे, जॉब त्याने करायचा, आणि पास की रिजेक्ट तेही मीच ठरवणार. गुडघे रोज टेकले, पण ऐकायला म्हणून कधी थांबलो नाही. कस्तुरा नुसती नावे घ्यायची. मिनल, झिशान, वरच्या मजल्यावरची आजारी तानुबाई. मी एकदा विचारले, नावापुढे मागतेस काय? म्हणाली, 'पुढचं त्याला कळतंय की.' तेव्हा मला तो अडाणीपणा वाटला. आता मी तसे करून पाहतो. मिनलचे नाव घेतो, की लगेच जिभेवर मागणी येते, तिने मला माफ करावे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. बहुतेक दिवस जमत नाही.

माझ्या दफनाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, 'विशेष हेतू' वाचू नये. 'रोहिदासने केलेल्या पापाची क्षमा' असे स्पष्ट वाचावे. त्यावर मिनलने तोंड उघडायचे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. शेजारच्या बायकांनी तिला कोपराने ढोसू नये.

६. हे सर्व पार पाडण्यासाठी मी धम्मपाल सोनकांबळे याला नेमतो. आम्ही एकवीस वर्षे एका टूलरूममध्ये होतो. तो बौद्ध आहे, देव मानत नाही, आणि तोंडावर बोलतो. कलम ४ वाचून तो म्हणाला, 'हे मेल्यावर वाचायला ठेवणार होय राव? मग तिनं भांडायचं कुणाशी?'  म्हणून सही थांबवली.

७. काल रविवारी मिस्सा झाल्यावर मी तळेगावला गेलो आणि कलम ४ मिनलला वाचून दाखवले. झिशान चहा घेऊन येत होता, तो दारातच उभा राहिला. मिनल रडली नाही. कागद मागून घेऊन तिने सगळे स्वतः पुन्हा वाचले.

मग म्हणाली, 'पप्पा, बाळ गेल्यावर मी चिखलीला येऊन आईजवळ बसायचे. तिला किती वेळा सांगितलं, आई, तुझ्या प्रार्थनेत काही कमी नव्हतं. तिला पटायचं नाही, रडायची. तुम्ही आतल्या खोलीत असायचात. तुम्हांला ऐकू येत होतं ना?'

मी म्हणालो, 'येत होतं.'

तिने कागद माझ्याकडे परत दिला. 'मग तेही लिहा.'

म्हणून लिहितो. मला ऐकू येत होते. दार उघडे होते.

ठिकाण : चिखली
दिनांक : सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

(सही) रोहिदास शांतवन उजागरे

रोहिदास यांनी सातही कलमे मोठ्याने वाचली आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. सही त्यांचीच आहे.

साक्षीदार :
१. (सही) धम्मपाल सोनकांबळे, राहणार चिखली
२. (सही) अण्णासाहेब काळोखे, राहणार चिखली