बॅगपाइप आणि इतर चीजवस्तूंची व्यवस्था

मी, श्रीमती सरूबाई हरेश्वर टपके, वय सदुसष्ट, धंदा मासेविक्री, राहणार वेसावे, अंधेरी पश्चिम, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि माझ्या हाताने लिहीत आहे. कुणी धाक घातलेला नाही, घालण्याची कुणाची हिंमतही नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्याच दाखल्यावर त्यांना 'बॅगपाइप फुंकू नये' असेही लिहायचे होते. ते मी दुसऱ्या कागदावर लिहून घेतले आणि तो कागद दवाखान्यातच विसरले.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलगा कृणाल व मुलगी नीलम यांना सारखी. नीलम सासरी सुखात आहे, तिला कशाला, असे कृणाल म्हणेल. तो शाळेत बाकावर बसायचा तेव्हा ती माझ्याबरोबर डोक्यावर पाटी घेऊन बाजारात यायची. यावर चर्चा नको. माझी सोन्याची माळ नीलमला, बांगड्या सून दर्शनाला.

२. मासळी कापायचा कोयता, फळी आणि बर्फाची पेटी माझ्या शेजारी बसणाऱ्या निशाला. तिने माझी गिऱ्हाइके फोडली, आणि तिच्या पापलेटांपेक्षा माझी ताजी असायची हे तिलाही ठाऊक आहे. पण कोयत्याला धार तिच्यासारखी कुणी ठेवत नाही.

३. बॅगपाइप. हा माझ्या नवऱ्याचा, हरेश्वरचा. आळीच्या बँडमध्ये तो लग्नात वाजवायचा आणि नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालायचा. तो गेल्यावर कृणालने पाइप हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवला. मला ते बघवेना, नवऱ्यालाच आत कोंडल्यासारखे वाटायचे. मी पाइप बाहेर काढला आणि बँडमध्ये जाऊन सांगितले की हरेश्वरच्या जागी मी वाजवीन. बँडमास्तर सिद्धेश हरेश्वरच्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "मावशे, तू नाच गो. वाजवाचं काम आमचं." मला फार राग आला. त्याच दुपारी मी शिकायला बसले.

पाइपची कातडी पिशवी कोरडी पडून हवा गळत होती. माझा बाप होडीच्या लाकडाला मुशी माशाचे तेल चोळायचा, लाकूड पाणी धरत नसे. मी पिशवीला तेच भरपूर चोळले. वासाने आळीतली सगळी मांजरे दारात जमली. जन्म मासळीत काढलेला, तरी मलाही मळमळू लागले. शेवटी एका बोक्याने पिशवी फाडून टाकली. दर्शना चेंबूरची, बँकेत नोकरी करणारी. ती तोवर नाक आणि कान दोन्ही झाकून फिरत होती. तिने फोनवर शोधून नवी पिशवी मागवली आणि ती कशाने मऊ ठेवायची तेही वाचून दाखवले.

रोज बाजारातून आले, जेवले, की बोंबील वाळवायच्या काठ्यांखाली जाऊन बसायचे. आधी नुसती बोटे ठेवायची नळी, पिशवीशिवाय. एक ओळ साफ आल्याशिवाय दुसरीला हात लावला नाही. समोरच्या रतनने खिडकी लावून घेतली. आता उघडी ठेवतो, पण पाइप ऐकायला असे कबूल करत नाही. माझी आई धवलारीण होती. आमच्यातली लग्ने ती लावायची आणि धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायची. तिचाच एक धवला मी पाइपवर बसवला.

गेल्या नारळी पौर्णिमेला सिद्धेशने मला मागच्या रांगेत घेतले. बसून येत होते ते चालताना येईना. बाजाराच्या वळणावर दम तुटला आणि पाइप म्हशीसारखा ओरडला. लोक हसले. कृणालही हसला. मी पाइप काखेत मारून घरी आले आणि दार लावून रडले. दुसऱ्या दुपारी पुन्हा गेले, पण बसले नाही. किनाऱ्यावर वाळूत चालत वाजवू लागले. वाळूत पाय रुततात, तिथे जमले तर रस्त्यावर जमणारच. वर्षभर तेच केले. परवा सिद्धेशने किनाऱ्यावर उभे राहून अख्खा धवला ऐकला आणि म्हणाला, "मावशे, यंदा पुढं चाल. काकाच्या जागेवर."

हृदय कमजोर असल्याचे त्यानंतर कळले. कृणाल म्हणतो, जायचे नाही. मी जाणार आहे.

४. बॅगपाइप माझ्यामागे दर्शनाला. दुपारी सुट्टी असली की ती माझ्याजवळ बसून नळी वाजवते. धवला तिला येतो, वरचा सूर अजून नीट लागत नाही. रोज वाजवला तर लागेल. पाइप विकू नये आणि कपाटात ठेवू नये.

५. सिद्धेशला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. 'तू नाच गो' या एका वाक्याबद्दल ही शिक्षा आहे. ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार चांगला, असे वकील म्हणाले, म्हणून सही त्याचीच घेतली आहे.

६. उद्या नारळी पौर्णिमा. मी दर्यापर्यंत पोचले, तर वरील सर्व कलमे थांबतील आणि माझा सराव नेहमीप्रमाणे चालू राहील. दर्शनाने मात्र माझ्या डाव्या हाताला, अगदी खेटून चालावे. मी रस्त्यात कोसळले तर रडारड करून मिरवणूक अडवू नये. आधी नारळ दर्याला द्यावा, मग मला उचलावे. कृणालने हे नीट वाचावे. फुंकणारा थांबला तरी पाइप लगेच थांबत नाही. पिशवीत हवा असते, ती कोपराने दाबत राहिले की सूर थोडा वेळ चालतो. तेवढ्या वेळात दर्शनाने पाइप माझ्या काखेतून स्वतःच्या काखेत घ्यावा. आत माझा श्वास असेल. तो संपायच्या आत तिने स्वतःचा भरावा.

हे सर्व मी लिहून, पुन्हा वाचून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: सरूबाई हरेश्वर टपके

साक्षीदार:
१. सिद्धेश धाकलू भानजी, बँडमास्तर
२. रतन हिराजी चिखले, शेजारी

ठिकाण: वेसावे, अंधेरी पश्चिम, मुंबई
दिनांक: ७ ऑगस्ट २०२५