दांडी कोणी ओढली

११ मार्च १९८७, धुळे

ग्लायडर मोडलं. मी मोडलं!

मी पुढच्या सीटवर, शिकवणारे शालिग्रामनाना मागच्या. उतरताना समोरून चांगला वारा होता. बाभळींच्या शेंड्यांखाली आलो आणि वारा एकदम नाहीसा. वेग गेला. अशा वेळी दांडी पुढे ढकलून नाक खाली करायचं, मग वेग परत येतो — वर्षभर नाना हेच घोकून घेतायत. "हाऊ बैल नही शे भो, वढा म्हणजे थांबी." आणि मी? जमीन अंगावर येताना बघितली आणि दांडी पोटाशी घेतली, दोंडाईच्याला वावरात कासरा ओढायचो तशी. तीस फुटांवरून धोंड्यासारखे पडलो.

मला खरचटलं. नानांचा पाय मोडला.

१२ मार्च

नानांच्या बायकोनं, लिलाबाई अक्कांनी, दवाखान्यात कळण्याची भाकरी अन् भरीत आणलं. अर्धं मीच खाल्लं. अक्का म्हणाल्या, पाय नेमका कोणाचा मोडलाय ते तरी ठरवा. नाना हसले तर पाय दुखला, मग मला शिव्या.

१४ मार्च

मुंबईहून चौकशीचे साहेब आले. नानांनी त्यांना सांगितलं, "दांडी मी ओढली." खोटं! माझ्यासाठी. पुढच्या महिन्यात मी पहिल्यांदा एकट्यानं उडणार ना. पण मग नानांचं शिकवणं बंद, साहेब तसं बोललेच. हा माणूस जमिनीवर करणार काय?

साक्रीचं हॉटेल, ट्रक, जळगावची जिनिंग — सगळीकडून मी न सांगता पळालोय. आजही पिशवी भरली. स्टँडवर गेलो, उसाचा रस प्यालो, एका अस्वलवाल्याशी तासभर गप्पा मारल्या. शिरपूरची गाडी गेली. परत आलो.

१५ मार्च

साहेबांना लिहून दिलं — दांडी मी ओढली, नाना माझ्यासाठी खोटं बोलले. खाली सही. शुद्धलेखन साहेबांनीच सुधारलं. माझं उडणं बंद. नानांचं चालू राहील.

१६ मार्च

नानांना कळलं. भिंतीकडे तोंड करून पडलेत.

१७ मार्च

आज बोलले. "मी खोटं नही सांगं. तुना पहिले मीच वढी. तू नुसती धरेल व्हती."

दोन्ही सीटच्या दांड्या आतून जोडलेल्या. मागची ओढली की पुढची येतेच.

साहेबांना तसं लिहायला नानांनी आंतर्देशीय पत्र मागितलं. मी बाजारात जाऊन आलो. विसरलो म्हणालो.