हलक्या रणगाड्यापायी राहून गेलेले लग्न

मी, डॉर्कस पेनफोल्ड, अविवाहित, राहणार सॉल्टली, बर्मिंगहॅम, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने करून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, म्हणून ही घाई. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. अंमलबजावणी वकील श्री. व्हीटली यांनी करावी.

१. वडिलांकडून मला आलेले राहते घर, आतल्या सामानासह, श्री. सेड्रिक ऑर्मरॉड यांना द्यावे. ते आजही बहिणीच्या मागच्या खोलीत राहतात. ते माझे कोणी लागत नाहीत, तेव्हा कारण लिहिणे भाग आहे.

सेड्रिक हलक्या रणगाड्याची आरेखने काढायचा आणि मी ती पारदर्शक कापडावर शाईने गिरवायची. इतर रणगाडे वळताना एका बाजूचा पट्टा अडवतात. याचे दोन्ही पट्टे चाकांबरोबर वाकायचे. पहिल्या चाचणीला तो चिखलात उभा राहून ओरडला, "डॉर्कस, बघ, सायकलसारखा वळतोय!" त्याच संध्याकाळी त्याने मला मागणी घातली आणि मी हो म्हणाले.

"एवढी लष्कराची ऑर्डर पक्की होऊ दे, मग लगेच," तो म्हणाला.

ऑर्डर आली आणि पाठोपाठ युद्ध आले. फ्रान्समध्ये पातळ पत्र्याच्या हलक्या रणगाड्यांची दैना झाली, तसे आमच्या गाड्याचे काम मागे पडले. सेड्रिक म्हणाला, "अशा वेळी लग्न कसलं करायचं?" मग इंजिन नसलेल्या, दुसऱ्या विमानाने ओढत न्यायच्या लाकडी विमानातून रणगाडा नेण्याची कल्पना निघाली आणि तो धापा टाकत आमच्या दारात आला.

"आपला गाडा उडणार!"

"आणि आपण?"

"तो उडू दे गं आधी."

तो उडाला. नॉर्मंडीला जाताना एक रणगाडा विमानातून निसटून समुद्रात पडला, आत पोरे होती, असे आमच्या कानावर आले. सेड्रिक कितीतरी दिवस नीट जेवला नाही. तेव्हा लग्नाचा विषय मीच काढला नाही. त्याने जाड पत्र्याचा दुसरा रणगाडा करायला घेतला होता, तो लढाईवर गेलाच नाही. पुढे ती लाकडी विमानेही वापरातून गेली, आणि हलके रणगाडे भंगारात निघाले.

त्या आठवड्यात तो माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "आता तुला कोणत्या तोंडाने विचारू? द्यायला काही उरलं नाही."

"मी कधी काही मागितलं होतं का?" मी म्हणाले.

मला म्हणायचे होते, तू तेवढा पुरेसा आहेस. त्याने ऐकले ते उलटेच, की मला त्याच्याकडून काहीच नको. टोपी घालून निघून गेला. पुढच्या रविवारी चहाला आला, तेव्हापासून दर रविवारी येतो. आम्ही गुलाबांवरच्या किडीबद्दल बोलतो.

२. सेड्रिकची बहीण अ‍ॅगाथा हिला माझी करडी लोकरीची शाल. ती मला भर दुकानात म्हणाली होती, "आमच्या सेड्रिकला बायको कशाला हवी? त्याचा संसार लोखंडाशी आहे." तिचे बोलणे फार लागले. खोटे मात्र नव्हते.

३. पोस्टातली शिल्लक भाची म्यूरिएलला. लग्नासाठी घेतलेले साईरंगी रेशीमही तिलाच. घड्यांवर ते पिवळे पडले आहे, तरी चांगला भाग काढून तिने काहीतरी शिवावे आणि लगेच अंगावर घालावे. सणासाठी ठेवू नये.

४. शाईच्या लेखण्या आणि त्रिकोणी पट्ट्या आरेखन शिकणाऱ्या एखाद्या मुलीला द्याव्यात. मला ते काम आवडत असे. त्यातून काय तयार होते, हा विचार मी फार उशिरा केला.

५. श्री. व्हीटली यांनी समजावले की यापुढे माझा विवाह झाल्यास हे मृत्युपत्र कायद्याने आपोआप रद्द होईल. "अर्थात, मिस पेनफोल्ड, हे आपलं सांगायचं म्हणून सांगितलं," असे म्हणून ते हसले. मी त्यांना ते कलम म्हणून लिहायला लावले. येत्या रविवारी, चहा ओतून झाला की, हे कलम मी सेड्रिकला मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

वाचून, समजून सही केली.

डॉर्कस पेनफोल्ड

आम्हा दोघांच्या देखत सही झाली. आम्हाला यातून काही मिळायचे नाही:
एथेल ब्रॅमली, शेजारीण
हॅरॉल्ड स्पूनर, वकिलांचे कारकून

बर्मिंगहॅम, १४ ऑक्टोबर १९५८